दोन हाकांचं दार

— नाय नाय, साहेब, तीनच ठेवा. पाच नको, दहा नको. तुमच्या ठाण्याच्या संस्थेत काय चालत असेल ते चालू दे, इथं तीन म्हणजे तीन. चुकीचा पासवर्ड तीनदा मारला की दार बंद. जुन्या साइटला तसंच आहे, नव्यालाही तसंच पाहिजे. का म्हणून काय विचारता? सांगतो ना. आधी चहा घ्या. सकाळपासून एसटीत घाट खाऊन आलात, तोंड पांढरं पडलंय तुमचं. आणि ती लाइट गेली तर घाबरू नका, बॅटरी आहे, अर्धा-पाऊण तास ओढते. काय? ती होय? असू दे तिला तिकडं. सासू माझी, रामी. मामी म्हणतो मी तिला. सूर्यमाळच्या वरच्या पाड्यावरून येते. आज बाजार ना जव्हारचा — करवंदं विकून झाली की टोपली पालथी घालते आणि इथं येऊन बसते पंख्याखाली, त्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरच्या मशीनसमोर. बसते, बघते. मशीन चालू राहतं, राहू दे, मी काय तिच्या तोंडावर बंद करणार? ऐकू कमी येतं तिला. तुम्ही बोला बिनधास्त.

तर साइट. साइट केली ती माझ्या बायकोनं, हर्षदानं. कोडबिड काय येत नव्हतं तिला, मलाही येत नाय, हे नेटचं-झेरॉक्सचं दुकान माझं आहे एवढंच. असल्या तयार साइटा मिळतात ना नेटवर — चौकोन उचलायचा, ओढायचा, पाहिजे तिथं सोडायचा. अंगणात पाहुण्यांना खाटा टाकतात तसं, ही इकडं, ती तिकडं, नाय जमलं तर परत हलव. बसली माऊस घेऊन आणि उभी केली. कशाला म्हणाल, तर आमच्याकडं दिवाळी झाली की पाडेच्या पाडे रिकामे होतात, माहितेय का? कोण भिवंडीला, कोण वसईला रेतीवर, कोण वीटभट्टीवर. माणूस गेला की गेला, होळीला आला तर आला. मग तिकडं कुठं नेटचं दुकान दिसलं की यांनी चार ओळी टाकायच्या, नायतर दुसऱ्या कोणाकडून टाकून घ्यायच्या, आणि इकडं बाजाराच्या दिवशी म्हातारी माणसं दुकानात आली की हर्षदानं वाचून दाखवायच्या. पोशेऱ्याचा फागू तिकडून विचारणार, म्हैस व्याली का. इकडून त्याची आई सांगणार, व्याली, रेडा झाला, तू पैसे नको पाठवू, तूच ये. हसू नका, ह्या दुकानात तेव्हा उभं राहायला जागा नसायची. लोक रडायचे पण आणि बाजारातली भजी पण खायचे.

कुलूप? कुलूप नंतर आलं. आमच्या पाड्यांत दाराला कुलूप नसतं साहेब. कुडाचं घर, कारवीच्या भिंती, कुलूप लावून काय राखणार? उलट कुलूप लावलं की शेजारी विचारतात, का रे, आमच्यावर काय संशय आला? तशीच ती साइट होती, उघडी. आणि एक जोडपं भट्टीवरून पळालं — बुधी आणि तिचा नवरा, मारायचा त्यांना मुकादम — पळाले आणि साइटवर लिहिलं, आम्ही अमुक गावात आहोत, सुखरूप आहोत, काळजी करू नका. आईला लिहिलं होतं. वाचलं मुकादमानं. झालं. परत नेले दोघांना उचलून. हर्षदा दोन दिवस जेवली नाय. मला म्हणाली, मी दार ठेवलं पण कडी नाय ठेवली. मग बसली परत, शोधला एक चौकोन — तयार मिळतो तो पण, लॉगिनचा — नाव टाका, पासवर्ड टाका, मग आत या. ओढला, सोडला. झालं कुलूप.

झालं कुठलं! ऐका तर. पासवर्ड म्हणजे गुपित, हे कोणाला पटेल तर ना. बाबल्या दुकानात उभा राहून ओरडायचा, हर्षदाबाय, माझा 'कोंबडा' आहे का 'कोंबडी' आहे? आणि बाहेरून भाजीवाली सांगायची, कोंबडी, कोंबडी, मागच्या बाजारी तूच म्हणालास! विसरला पासवर्ड तर त्या चौकोनात प्रश्न असतो ना, आईचं नाव सांगा — अहो, पाड्यात आईचं नाव कोणाला ठाऊक नसतं? सगळ्यांना सगळ्यांची आई ठाऊक. मी पोट धरून हसायचो. ती नाय हसायची. तिनं मग पाड्या-पाड्यावर जायचं ठरवलं. एकेकाला बाजूला घ्यायचं, कानात सांगायचं, समजवायचं की बाबा हे तुझं तुझ्यापाशी, बायकोला पण नाय. आणि तीनदा चुकलं तर दार बंद, हे पण तिनंच घातलं. त्यांना तीन लगेच कळतं, म्हणाली. कसं काय, तर हाकेवरून.

तुमच्याकडं नसेल हे. आमच्यात रानात, नायतर तिन्हीसांजेला कोणी नाव घेऊन हाक मारली तर ओ द्यायची नाय. पहिलीला नाय, दुसरीला नाय. गप बसायचं. तिसरी आली तर समजायचं, माणूस आहे, मग ओ द्यायची. कारण मेलेलं माणूस दोनदाच हाक मारतं. तिसरी त्याच्यापाशी नसतेच. लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं हे, मी शिकलोय बारावीपर्यंत, तरी माझी जीभ दोन हाका दाबून धरते. कोणी मागून 'दिपेश' म्हणालं की मी थांबतो. तुम्हीच मघाशी स्टँडवर मला हाक मारलीत ना, मी वळलो नाय, तुम्हाला वाटलं असेल काय उर्मट माणूस आहे. तिसऱ्यांदा मारलीत तेव्हा आलो.

आणि तिनं कसं लिहिलं होतं माहितेय? त्या चौकोनात आपोआप इंग्रजी येतं ना, 'राँग पासवर्ड' वगैरे, लाल अक्षरात, धमकी दिल्यासारखं. ते तिनं काढलं. मराठी टाइप केलं की तेव्हा नुसते डबे दिसायचे, फाँटची बोंब — मग तिनं काय केलं, कागदावर हातानं लिहिलं, स्कॅनरवर ठेवलं आणि चित्र करून चिकटवलं. तिचंच अक्षर, जाडं, जरा डावीकडं झुकणारं. दाराशी आलं की 'ये, बस, नाव सांग.' एकदा चुकलं की 'असू दे, परत बघ, घाई नाय.' दुसऱ्यांदा चुकलं की 'आठव बरं, मी कानात काय सांगितलं होतं?' तिसऱ्याचं? तिसऱ्याचं काय लिहिलंय मी नाय बघितलं कधी. कोण पोचलंच नाय तिथपर्यंत. दोनदा चुकलं की लोक हात काढून घ्यायचे आणि तिलाच बोलवायचे. आणि आतून बघायचं तर साइट जिथून बदलता येते त्या मागच्या खोलीची परवली, म्हणजे पासवर्ड, फक्त तिच्यापाशी होती. मला पण नाय सांगितली. तुझं तुझ्यापाशी, नवऱ्याला पण नाय. मी मुद्दाम चिडवायचो, तर म्हणायची, तू कशाला घाबरतोस, मी आहे ना.

गेल्याच्या गेल्या भादव्यात गेली ती सूर्यमाळला. परवल्या सांगायला. आईकडं राहिली, सगळे पाडे केले, उतरताना ओहोळ. उन्हाळ्यात तुम्ही बघाल तर म्हणाल, ह्यात माणूस बुडतं? अहो, बायका हंडाभर पाण्यासाठी तिथं झरा उकरत बसतात चैत्रात. पण वर कुठंतरी डोंगरावर पाऊस पडला असेल, आलं पाणी. पिशवी मिळाली. खाली, दूर, झुडपात अडकलेली. ती नाय मिळाली. नदीपर्यंत गेले सगळे शोधत. नाय मिळाली.

तर मग तीन का, हे विचारलंत तुम्ही. हे बघा. साइटला सोय आहे, कोणी चुकीचा पासवर्ड मारला की दुकानाच्या मेलवर आपोआप निरोप येतो, अमक्याच्या नावानं कोणीतरी दार वाजवलं म्हणून. ती गेली त्या दिवाळीनंतर एक दिवस मेल उघडला आणि — हर्षदा. हर्षदाच्या नावानं, चुकीचा पासवर्ड. एकदा. लगेच परत, दुसऱ्यांदा. मी खुर्चीला धरून बसलो. तिसरा येईल म्हणून बसलो. नाय आला. पुढं परत तसंच. दोन. बरेचदा बाजाराच्या दिवशीच. आमच्यात म्हणतात, बाजाराला मेलेली माणसं पण येतात, गर्दीत कळत नाय म्हणून. तिला बाजार फार आवडायचा. दोनच, साहेब, प्रत्येक वेळी दोन. तिसरी कधीच नाय. आता तुम्ही शिकलेले, तुम्ही म्हणाल कोणीतरी पोरंटोरं खेळत असतील. मी पण म्हटलं. पण पोर असतं तर तीनदा, दहादा मारलं असतं की नाय? पोरांना कुठं थांबायचं कळतं? हे कोणीतरी थांबतंय. कोणाला तरी ठाऊक आहे की दोनवर थांबायचं असतं.

कोणाला नाय सांगितलं हे. माझा मोठा भाऊ, रोहिदास, मोखाड्याला मास्तर आहे, त्याला पण नाय. तो मागं लागलाय. दिवस घाल म्हणतो तिचे, उरकून टाक, किती दिवस असा अर्धा राहणार. मुलगी पण बघून ठेवलीय त्यानं — नीता, पोशेऱ्याला बालवाडीवर आहे, चांगली आहे, तिला दोष द्यायला जागा नाय. जेठात करू म्हणतो. आणि मी काय सांगू त्याला? थांब, तिसरी येऊ दे? तिसरी आली तर ती आहे. कुठंतरी आहे, डोकं फिरलं असेल, कोणी नेली असेल, पासवर्ड विसरली असेल, पण आहे. आणि नाय आली तर — तर नाय आली. म्हणून म्हणतो, तीन ठेवा. आणि तुमच्या संस्थेनं नवी साइट केली, चांगलं केलं, पक्कं कुलूप, मोबाइलवर नंबर येणार, सगळं चांगलं. पण जुनी आज बंद करणार म्हणता, साइटवाल्या कंपनीकडून तिची चावी घेतलीय म्हणता. जुनी नावं पुसणार. मग ती दार कुठं वाजवणार? तेवढं एक नाव राहू दे. तेवढंच सांगायला मी तुम्हाला चहा पाजतोय.

काय? कुठून आलं ते बघता येतं? म्हणजे कोणत्या गावातून? ह्याच मेलमध्ये असतं? मला तर ते खाली नुसते आकडे दिसतात, मी कधी — थांबा. थांबा जरा. आधी सांगा, भिवंडी असेल तर भिवंडी म्हणून सरळ सांगा. वसई असेल तर आत्ता दुकान बंद करून निघतो मी. बघा तुम्ही. बघा.

जव्हार? जव्हारातूनच? कसं काय — म्हणजे ती इथं आहे? ह्या गावात? अजून काय? नाय कळलं. माझ्या दुकानाचा आकडा आणि हा आकडा — एकच? म्हणजे ह्या दुकानातून? ह्याच लाइनवरून? काहीतरी चुकतंय तुमचं. दुकानात कोण येतं, मी असतो की समोर. बाजाराच्या दिवशी गर्दी असते हे खरं, मी झेरॉक्सवर असतो, पण कोण येणार, कोणाला तिचं नाव टाकायचं कळणार, अक्षर येणारी सगळी माणसं मला —

मामी.

अहो, मामीला अक्षर येत नाय साहेब. अंगठा लावते ती. नाय, पण थांबा. हर्षदा बसवायची तिला शेजारी. त्याच मशीनवर, कोपऱ्यातल्या. बोट धरून दाखवायची, हे दाब, मग हे, मग परत हे, बघ, माझं नाव झालं. मामी हसायची, म्हणायची, माजी पोर ह्या डब्यात हाय. वाचायला नाय येत, पण कणगीला लिंपायचं हाताला ठाऊक असतं तसं बोटाला ठाऊक झालं असेल. नाव दाबायचं आणि मग पुढं काय ते माहीत नाय, म्हणून नुसतंच ते मोठं बटण. चुकीचा पासवर्ड. एकदा. आणि परत.

मेलेलं माणूस नाय हाक मारत, साहेब. मामी मारते. मामी हाक मारते तिला.

पण दोनच का? नाय, तुम्ही नाय, मी मलाच विचारतोय. आणि मला ठाऊक आहे. मला ठाऊक आहे दोन का. माणूस मिळालं नाय तर आमच्यात काठावर जायचं असतं. नवऱ्यानं नायतर बापानं उभं राहायचं पाण्याकडं तोंड करून आणि नाव घेऊन तीन हाका मारायच्या. तिसरीला पण ओ नाय आली तर गवताचा पुतळा करायचा, अग्नी द्यायचा, मग दिवस घालायचे. तिसरीला ओ नाय आली तर माणूस गेलं, मग वाट बघायची नाय. मी गेलो होतो. सगळा पाडा मागं उभा होता. मामी तिथं दगडावर बसलेली. मी एक हाक मारली. मी दुसरी मारली. आणि तिसरी — निघालीच नाय. रोहिदास म्हणाला मार, मार एकदाची. मी वळलो आणि घरी आलो. लोकांना वाटलं रडू आलं. रडू नाय साहेब, भीती. तिसरी मारली आणि ओ नाय आली, तर मीच तिला घालवली असं होणार. म्हणून पुतळा नाय, दिवस नाय, म्हणून सगळं तसंच लटकलंय. मामी तेव्हा माझ्याकडं बघत होती. ती पण मग दोनवरच थांबायला लागली. एवढे दिवस आम्ही दोघं ह्या एका खोलीत बसतोय, ती तिच्या दोन मारून उठते आणि मी त्या दोन वाचून रात्र काढतो. आणि एकमेकांना बोलतो काय, तर येते, जपून जा.

बघा, बघा, हात उचलला तिनं. बोलू नका. बघितलंत बोटं कशी चालतात? चष्मा नाय काय नाय. मोठं बटण. एक. 'असू दे, परत बघ, घाई नाय.' दिसतंय ना तुम्हाला इथून, तिचं अक्षर? परत तेच नाव. दोन. आता ती उठेल. टोपली उचलेल. पाच वाजता तुमची एसटी आहे, त्याआधी तुम्ही ते बंद करणार, आणि पुढच्या बाजाराला म्हातारी येऊन त्या मशीनसमोर बसेल, आणि दारच नसेल. कोणाला सांगू मी काय?

मामी! मामी, ऐका. बसा. उठू नका. नाय, रागावलो नाय. मला ठाऊक आहे. सगळं ठाऊक आहे, आत्ताच कळलं. बसा. ही साइट आज जाणार. हे दार आज जाणार, कळतंय का? म्हणून — एकदा अजून. माझा हात धरा पाहिजे तर. दाबा. हे, मग हे. नाव झालं. आता मोठं बटण, आपण दोघं मिळून. मामी, डोळे नका मिटू.

दाबलं.

साहेब, हे बघा. इकडं या. हे तिसरं. तिचंच अक्षर. नाय, वाचतो मी, मला येतं वाचता, जरा थांबा म्हणजे. काय म्हणते विचारताय, मामी? सांगतो. ती म्हणते — तिनं लिहिलंय — 'तीनदा चुकलं तरी घाबरू नको. मी दुकानातच असते. मला हाक मार, मी उघडून देते.'

हो, मामी. तसंच लिहिलंय. परत वाचू? मी दुकानातच असते. मला हाक मार. नाय, मी माझ्या मनचं नाय सांगत, हर्षदाची शप्पथ. हे तिनं सगळ्यांसाठी लिहिलेलं आहे, मामी, पाड्यातल्या सगळ्यांसाठी, कोणीही तीनदा चुकलं तर. तुमच्याचसाठी असं नाय. पण तुम्हालाच दिसलं पहिल्यांदा.

साहेब, तुम्ही निघा आता. नाय, एसटीला वेळ आहे, ठाऊक आहे मला, पण निघा. जुनीचं काय ते करा तिकडं जाऊन, तीन ठेवा, दहा ठेवा, मला आता काय नाय त्याचं. रोहिदासला मी करीन फोन. तुम्ही जा. म्हातारी उभी राहिलीय बघा, तिला मारायचीय हाक, तोंडानं, मोठ्यानं. मामी, थांबा, एकट्या नका मारू. मीपण मारतो. माझी एक राहिलीय.

जा म्हणतो ना, साहेब. आणि जाताना दार ओढू नका. तसंच असू दे उघडं.